पंप लागला की बोर्ड का पडतो

कराड, रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस आणि मला धड बोलता आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. रात्रभर ते मनात राहिलं, म्हणून आज दुकान बंद आहे तर सविस्तर लिहितो.

तू म्हणालीस, "बाबा, प्रोग्रॅम चारदा तपासला, एक अक्षर चुकलेलं नाही. तरी तुळशीला पाणी घालणारा पंप लागला की आर्डुइनो पहिल्यापासून सुरू होतो. मला हे जमणारच नाही."

ताई, प्रोग्रॅममधलं मला फारसं कळत नाही. पण आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा छोटा बोर्ड, आणि त्या तुझ्या बोर्डाला जे झालंय, ते मी २६ वर्षं कानाने ओळखत आलोय. लाइनच्या अगदी शेवटी ज्याची विहीर असते, त्याची मोटर सुरू होताना ऐकलीस का कधी? तो हिरवं बटण दाबून धरतो आणि स्टार्टर नुसता खडखडत राहतो. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. एवढा करंट लांबच्या वायरीतून यायचा म्हणजे वाटेत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल, म्हणजे व्होल्टेज असेपर्यंतच स्विच ओढून धरणारी गुंडाळी, पकड सोडते. मोटर सुटली की व्होल्टेज परत चढतं, कॉइल परत पकडते, परत सोडते. खड, खड, खड.

तुझ्या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८ चिपमध्येही असाच एक राखणदार बसवलेला असतो. व्होल्टेज २.७ व्होल्टच्या खाली गेलं की तो चिपला थांबवतो आणि पुरेसं व्होल्टेज आलं की पहिल्यापासून सुरू करतो. तू पंपाला बोर्डाच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून सप्लाय दिलास, आणि बोर्डाला सप्लाय लॅपटॉपच्या यूएसबीतून. तिथून साधारण ५०० मिलिअँपिअर मिळतात, त्यावर बोर्ड, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच) आणि पंप तिघं जगतायत. पंपाने पहिला झटका ओढला की बाकीच्यांच्या तोंडचा घास जातो.

माझी खात्री आहे, पण बाबा म्हणाले म्हणून मानू नकोस. प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये एक ओळ टाक, 'चालू झाले' असं स्क्रीनवर उमटवणारी. सेटअप म्हणजे प्रोग्रॅमचा पहिला भाग, चिप सुरू होताना तो एकदाच चालतो. पंप लागल्यावर ते शब्द दुसऱ्यांदा उमटले, तर चिप खरोखरच पुन्हा सुरू झाली. मग पंपाची वायर काढ आणि रिले नुसता वाजू दे. आता शब्द एकदाच उमटले, तर दोष पंपाच्या ओढीत आहे. मल्टीमीटर लावून बसू नकोस, तो सावकाश असतो, क्षणभराचा झोल त्याला दिसत नाही.

आधी तपास, हे इतकं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः एकदा तपासलं नव्हतं. दुकान काढून दोन वर्षं झाली होती. एका शेतकऱ्याच्या स्टार्टरची कॉइल मी दोनदा बदलली, दोनदा पैसे घेतले, आणि तिसऱ्यांदा तो काही न बोलता दारात येऊन उभा राहिला. मग मी शेतावर गेलो. खांबावरून येणाऱ्या वायरीला एक जोड होता, चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोलली तर आत तांबं काळं पडलेलं, पिळलेल्या दहा तारांतल्या तीनच धड होत्या. कॉइल निर्दोष होती. मी त्याचे पैसे परत केले. तेव्हापासून मी आधी सप्लाय बघतो, मग यंत्र.

आता उपाय. पंपाला स्वतंत्र अडॅप्टर दे, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. पंपाचा करंट बोर्डातून जाता कामा नये, फक्त रिलेच्या संपर्कांमधून जाऊ दे. पुढे कधी रिलेऐवजी ट्रान्झिस्टर लावलास तर दोन्ही सप्लायचे मायनस एकमेकांना जोडावे लागतील, हे लक्षात ठेव. पंपाच्या दोन टोकांवर ४००७ नंबरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लाव, रुपेरी पट्टी प्लसकडे. गुंडाळीतला करंट अचानक तोडला की ती उलटा झटका देते, डायोड तो तिथल्या तिथे जिरवतो. पट्टी मायनसकडे लावलीस तर पंप चालू होताच शॉर्ट होईल, म्हणून दोनदा बघ.

ओलावा बघायला मातीत खुपसलेल्या त्या सेन्सरलाही सतत ५ व्होल्ट देऊ नकोस. दिवाळीत तू ठेवून गेलेल्या बोर्डावर मी गच्चीवरच्या टाकीसाठी तांब्याच्या दोन तारा सोडून, त्यांना सतत सप्लाय देऊन पाहिलं होतं. तीन आठवड्यांत प्लसची तार हिरवी पडून झिजली. आता एका पिनवरून वाचण्यापुरताच सप्लाय देतो, अर्ध्या तासाने एकदा. तारा अजून टिकून आहेत.

एका गोष्टीला मात्र मी सरळ नाही म्हणतोय. होस्टेलच्या टाकीची मोटर त्या निळ्या रिलेवर चालवायचा विचार सोड. त्यावर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलंय, पण मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याने त्याचे संपर्क चिकटतात. मग प्रोग्रॅम बंद म्हणतो आणि मोटर चालूच राहते. रिलेने कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा झटका सोसणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल ओढायची आणि कॉन्टॅक्टरने मोटर. ते आपण सुट्टीत इथे, मेन स्विच काढून, दोघं मिळून करू. २३० व्होल्टला तू एकटी हात लावायचा नाहीस, ताई. एवढं माझं ऐक.

आणि "जमणारच नाही" म्हणालीस, त्याबद्दल. हा आर्डुइनो बोर्ड इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ साली तयार झाला, तोही डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं. त्याआधी २००३ मध्ये तिथल्याच हर्नांडो बॅरागान नावाच्या कोलंबियन विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाचं काम केलं होतं, त्याच्या पायावर हा उभा आहे. म्हणजे पाया घालणाराही विद्यार्थीच. तुला तर हातात सोल्डरिंग गन धरायला सहावीत असताना आली. तुझा जोड चकचकीत बसायचा, माझ्या दुकानातल्या पोराचा अजून बसत नाही.

उद्याच्या एसटीने डबा पाठवतोय. आईच्या चकल्या वर आहेत. खाली अडॅप्टर, दहा डायोड आणि १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. कपॅसिटर करंट साठवून झटक्याच्या वेळी देतो, तो पंपाच्या सप्लायवर लाव, लांब पाय प्लसला.

गुरुवारी रात्री दुकान बंद झाल्यावर फोन कर. 'चालू झाले' किती वेळा उमटलं, ते आधी सांग.

तुझा बाबा