तेनझिंग यांच्या गळ्यातला लाल स्कार्फ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एव्हरेस्ट दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. १९५३ च्या चढाईची माहिती त्यात नेमकी आहे. मात्र २९ मे रोजी शिखरमाथ्यावर पोहोचलेल्या तेनझिंग नोर्गे यांच्या गळ्यातल्या लाल स्कार्फचा उल्लेख राहून गेला आहे. तो स्कार्फ रेमाँ लांबेर या जिनिव्हाच्या गिर्यारोहकाने आपल्या मित्राला दिलेला होता आणि त्यामागची हकिकत मला शिखरमाथ्याहून कमी मोलाची वाटत नाही.

त्याआधीच्या वर्षी, १९५२ च्या मे महिन्यात, स्विस मोहिमेतील या दोघांनी सुमारे ८,४०० मीटरवर एका लहानशा तंबूत रात्र काढली. जवळ ना स्टोव्ह होता, ना स्लीपिंग बॅग. रिकाम्या डब्यात बर्फाचे तुकडे टाकून ते मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवायचे आणि गोठू नये म्हणून रात्रभर एकमेकांच्या अंगावर थापा मारत राहायचे, एवढाच उपाय होता. लांबेर फ्रेंच बोलणारे, तेनझिंग नेपाळी आणि हिंदी. इंग्रजीचे मोजके शब्द आणि हातवारे यांवर त्यांचे सारे संभाषण चाले. लांबेर यांच्या पायांची बोटे आल्प्समध्ये हिमदंशाने पूर्वीच गेलेली होती, हेही येथे सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी सुमारे ८,५९५ मीटरपर्यंत चढून, माथा जेमतेम अडीचशे मीटर उरला असताना, दोघे माघारी वळले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील दुसऱ्या मोहिमेत स्विसांनी तेनझिंग यांना केवळ सरदार, म्हणजे शेर्पांचा म्होरक्या, न ठेवता मोहिमेचे पूर्ण सदस्य करून घेतले. पुढच्या वर्षी ब्रिटिश मोहिमेच्या वेळी काठमांडूत शेर्पांना ब्रिटिश दूतावासाच्या गॅरेजमध्ये झोपायला जागा दिली गेली, हे आठवले की त्या सन्मानाचे मोल कळते.

एव्हरेस्टनंतर तेनझिंग लंडनला गेले, स्वित्झर्लंडलाही गेले, आणि १९५४ मध्ये तिथल्याच रोझनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या गिर्यारोहण शाळेत काही शेर्पा सहकाऱ्यांसह प्रशिक्षणासाठी राहिले. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस परक्या मुलखात इतका सहज वावरला, याचे श्रेय मी त्या तंबूतल्या रात्रीलाही देतो. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिच्या मैदानी प्रशिक्षणाची जबाबदारी तेनझिंग यांच्याकडे आली. सह्याद्रीत कातळ चढून तयार झालेली मराठी मुले आज तेथे बेसिक कोर्सला जातात. मीही एकेकाळी गेलो होतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे याची जाण मला तिथेच आली.

म्हणून आपल्याकडे एकच विनंती आहे. महाराष्ट्रातील एखाद्या गिर्यारोहकाने आठ हजार मीटरचे शिखर गाठल्याची बातमी आपण छायाचित्रासह छापता, ते योग्यच आहे; पण ‘दोन शेर्पांच्या मदतीने’ एवढ्यावरच त्या माणसांची बोळवण होते. आपल्या वार्ताहरांनी परतलेल्या गिर्यारोहकाला त्या दोघांची नावे आणि गाव विचारावे आणि तेही बातमीत छापावे. ज्याच्याबरोबर महिना-दीड महिना एका दोराला बांधून घेतले, त्याचे नाव विचारल्यावर कोणताही गिर्यारोहक क्षणभरही अडखळणार नाही.

आपला,
एक जुना गिर्यारोहक, पुणे