टर्कीच्या पाककृतीत तापमानही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या निमित्ताने टर्की या पक्ष्याच्या पाककृती छापून येऊ लागतात. त्यातल्या बहुतेकींचा शेवट 'एका पौंडाला पंधरा मिनिटे' अशा हिशेबावर होतो. छाती भुशासारखी कोरडी आणि मांडीचा सांधा मात्र कच्चा, अशी टर्की ताटात येते ती याच हिशेबामुळे. पद्धत कोणतीही असो, कृतीत मांसाच्या आतले तापमान छापलेच पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

अडचण पक्ष्याच्या बांध्यातच आहे. छातीच्या मांसात चरबी कमी. ७४ अंश सेल्सिअसच्या (१६५ फॅरनहाइट) पुढे ते झपाट्याने कोरडे पडते. तंगडी आणि मांडीतले चिवट धागे मात्र ८० अंशांच्या आसपास नीट मऊ होऊ लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने सुरक्षिततेसाठी सर्वच भागांना किमान ७४ अंश सांगितले आहेत. म्हणजे छाती ७४ वर थांबवायची आणि मांडी ८० च्या वर न्यायची, तीही एकाच ओव्हनमध्ये. थर्मामीटरची सुई छातीच्या सर्वांत जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला खुपसावी. हाडाला टेकली तर आकडा चुकतो.

गोठवलेली टर्की फ्रिजमध्येच बर्फ वितळून सुटी होऊ द्यावी. दर २ किलोला एक दिवस धरला तर ६ किलोच्या टर्कीला पूर्ण तीन दिवस लागतात. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे (किलोला साधारण एक तास) आणि लगेच शिजवावी. ओट्यावर ठेवू नये. पोटात बर्फ तसाच असताना बाहेरच्या मांसात जंतू वाढू लागतात. मानेच्या आणि पोटाच्या पोकळीत कलेजी, पेटा, मान यांची पुडी असते, ती आठवणीने काढावी. नळाखाली पक्षी धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर पसरतात. कागदी रुमालाने टिपून घेतला की पुरे.

मिठाबाबत आमचे मत ठाम आहे: कोरडे मीठच लावावे, आणि तेही वजन करून. वेगवेगळ्या मिठांचा एकच चमचा वजनात जवळजवळ दुपटीने बदलतो. ६ किलोला ६० ते ७० ग्रॅम मीठ घ्यावे. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सोडवून बरेचसे मीठ तिच्याखाली चोळावे, उरलेले मांड्यांना आणि पोटात. मग न झाकता एक ते दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. आधी पाणी सुटते, त्यात मीठ विरघळते, तेच पाणी पुन्हा आत मुरते आणि भाजताना मांस रस धरून ठेवते. कातडी वाळते, म्हणून ती कुरकुरीत होते. मिठाच्या पाण्यात (लिटरला ६० ग्रॅम) १२ ते १८ तास बुडवूनही मांस रसाळ होते, पण आठ-दहा लिटरचे भांडे फ्रिजमध्ये मावावे लागते आणि कातडी लिबलिबीत राहते. वेष्टनावर मिठाचे द्रावण आधीच टोचल्याची नोंद असेल तर यातले काहीच करू नये, मांस खारट होईल.

घरच्या ओव्हनसाठी सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे पाठीचा कणा काढून पक्षी उघडा पसरणे. छाती खाली करून जाड कात्रीने शेपटीपासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापावे, पक्षी उलटावा आणि छातीच्या हाडावर दोन्ही तळव्यांनी 'कट्' आवाज येईपर्यंत दाब द्यावा. मांड्या पसरून उघड्या पडतात, त्यांना भरपूर आच लागते आणि छातीबरोबरच त्याही होतात. २२० अंशांवर (४२५ फॅरनहाइट) ६ किलोची टर्की साधारण दीड तासात होते. चरबी गरम ट्रेवर पडून धूर करते, म्हणून जाळीखाली कांदा-गाजराचे तुकडे आणि कपभर पाणी ठेवावे.

अख्खीच भाजायची असेल तर १६५ अंशांवर (३२५ फॅरनहाइट) तीन ते पावणेचार तास धरावेत. छातीला रंग आला की तेवढ्यावर फॉइल टाकावी. वरचेवर दार उघडून रस ओतत बसू नये. ओव्हन थंड होतो, कातडी ओली होते आणि आत काही मुरत नाही. पोटात सारण भरू नये. सारणाच्या मध्यभागीही ७४ अंश यावे लागतात आणि तोवर छाती केव्हाच कोरडी झालेली असते. सारण वेगळ्या भांड्यात भाजावे.

चव हवी आणि टेबलावर अख्ख्या पक्ष्याची शोभा नसली तरी चालत असेल, तर तंगड्या-मांड्या अलग करून थोड्या रश्श्यात, झाकून, १५० अंशांवर दोनेक तास शिजवाव्यात आणि छाती हाडासकट स्वतंत्र भाजावी. याहून मऊ टर्की दुसऱ्या कोणत्याच रीतीने होत नाही.

तेलात तळण्याबद्दल मात्र कृती छापताना फार जबाबदारीने लिहावे. टर्की साडेपाच किलोच्या आत, पूर्ण सुटी झालेली आणि आतबाहेर कोरडी हवी. पोटात बर्फाचा खडा राहिला तर त्याची क्षणात वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते, आणि उसळलेले तेल थेट बर्नरवर सांडते. तेल किती घ्यायचे ते आधी पाण्याने मोजावे: रिकाम्या भांड्यात टर्की ठेवून ती बुडेल इतके पाणी घालावे, टर्की काढून घ्यावी आणि पाण्याच्या पातळीवर खूण करावी. मग भांडे पूर्ण कोरडे करून खुणेपर्यंतच तेल भरावे. हे काम उघड्यावर, घरापासून लांब, सपाट जमिनीवरच करावे. गॅरेजमध्ये किंवा लाकडी डेकवर कधीही नाही. तेल १७५ अंशांवर आले की बर्नर बंद करून टर्की हळूहळू सोडावी आणि मगच पुन्हा पेटवावा. पौंडाला साडेतीन मिनिटे हा अंदाज आहे, निर्णय इथेही थर्मामीटरचाच. तेल पेटले तर पाणी टाकू नये.

भाजलेली टर्की कापण्यापूर्वी अर्धा तास तशीच ठेवावी. बाहेर काढल्यावरही आतले तापमान दोन-तीन अंश चढते, म्हणून छाती ७१-७२ वर काढली तरी चालते. पण ७४ गाठले का, हे पुन्हा मोजावे आणि गाठले नसेल तर परत ओव्हनमध्ये ठेवावी. तेवढ्या वेळात ट्रेमधल्या चरबीचे तीन मोठे चमचे आणि तेवढाच मैदा परतून, अर्धा लिटर रस्सा थोडा थोडा घालत ग्रेव्ही करून घ्यावी. गुठळ्या होतात त्या सगळा रस्सा एकदम ओतल्याने.

उरलेले मांस दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. अख्खा सांगाडा तसाच आत ढकलला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढे पुरते.

आपला नम्र,
एक वाचक