दादाची गोळी आणि बाबांचं सेलेनियम

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचा रात्री पावणेबाराचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शेवटी मागून आईचं "अहो, झोपा आता" पण ऐकू आलं.

दादाच्या क्लोझापिनबद्दल, म्हणजे त्याच्या मानसिक आजारावरच्या गोळीबद्दल, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. ही गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. सेलेनियम फारच कमी पडलं तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हेही खरं. चीनमधल्या केशान भागात १९३५ साली असा आजार पसरला होता. तिथल्या मातीतच सेलेनियम फार थोडं. पण म्हणून 'सेलेनियम दिलं की गोळीचा हृदयाला त्रास नाही', हे तुमचं गणित अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि तुम्ही फोटो पाठवलेली कॅप्सूल २०० मायक्रोग्रॅमची आहे. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ५५. दोन-दोन दिल्या तर जेवणातलं धरून ४००ची वरची मर्यादाही ओलांडाल. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. तेव्हा डब्बी उघडू नका. रक्तातलं सेलेनियम तपासायचं का, हे डॉक्टरांना मीच विचारते.

रागावू नका, पण परवा सकाळची गोळी तुम्ही मुद्दाम दिली नाहीत, हे आईने मला सांगितलंय. असं परत नको. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते. किती वर्षांनी तो शांत झोपतोय!

या गोळीने हृदयाला सूज यायची भीती पहिल्या महिना-दोन महिन्यांत जास्त, आणि दादाचा हा तिसरा आठवडा. म्हणून तर दर आठवड्याला ट्रोपोनिन आणि सीआरपी, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. या मंगळवारची तपासणी चुकवू नका, 'बरा दिसतोय' म्हणून तर नाहीच.

आई, एक काम तुझ्याकडे. सकाळी तो बसलेला असताना मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज आणि वहीत लिही. या गोळीने ठोके थोडे वाढतातच, तेवढ्याने घाबरू नकोस. पण १२०च्या वर गेले, एकदम ३०ने वाढले, ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर माझ्या फोनची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

शनिवारी येतेय. वही मात्र आईनेच लिहायची. बाबा ९७चे १०० करतात.

तुमची,
छोटी