तीर्थरूप आई-नानांस: गाडी विकल्याबाबत

तीर्थरूप आई आणि नाना यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई जेवणाचे विचारते आणि नाना बातम्यांचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून कळवत आहे. अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगासाठी पळवायला बांधलेली मोटारसायकल मी विकली आहे. इसार घेतला असून पुढच्या आठवड्यात घेणारा ट्रेलर घेऊन येईल. नाना, इंजिनही तिच्याबरोबर जाणार आहे.

ज्या आरएक्स 100 वर तुम्ही भुसावळच्या लोको शेडला रात्रपाळीला जात होतात, तिचे ते 98 सीसीचे इंजिन काढून घ्यावे आणि नुसता सांगाडा द्यावा, असे माझ्याही मनात येऊन गेले. पण इथल्या गॅरेजात ते कापडाखाली पडून राहिले असते, आणि तुम्हाला बंद इंजिन पाहवत नाही. घेणारा जाणकार आहे. त्याने फ्रेमचे वेल्डिंग बोटाने चाचपले, मग प्लग काढून टॉर्चखाली धरला. टोक बिस्किटासारखे तपकिरी होते. ते पांढरे दिसले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि पिस्टन सीज होणार, हे तुम्ही मला ओट्यावर बसवून शिकवले होते. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1285 मीटरवर असल्याने हवा विरळ, म्हणून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट लहान लावायचा, एवढीच भर माझी.

कारणे बरीच आहेत. मीठ कितीही धुतले तरी सांध्यांत राहते आणि लोखंड खाते. 2014 आणि 2015 या लागोपाठच्या वर्षी ऑगस्टमधला स्पीड वीक, म्हणजे तिथला वेगाच्या चाचण्यांचा आठवडाच, मैदान खराब असल्याने रद्द झाला होता, तेव्हा रजा राखून ठेवली तरी गाडी पळेलच असे नाही. शिवाय हवेचा विरोध असा, की दुप्पट वेगाला जवळपास आठपट ताकद लागते. आता थोडा जरी वेग वाढवायचा तरी पैसा ओतावा लागेल. 1965 मध्ये क्रायडलर या जर्मन कंपनीच्या 50 सीसीच्या गाडीने तिथेच ताशी 210 किलोमीटर ओलांडले होते, हे तुम्ही ऐकवणार, ठाऊक आहे. त्या गाडीला सबंध कवच होते आणि तिच्यामागे कारखाना होता, नाना. माझ्यामागे तुम्ही एकटे होतात.

हे पैसे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आहेत, असे कृपया समजू नका. गाडी तशीही विकायचीच होती. पैसे हाती आले आणि ऑगस्टची रजा शिल्लक राहिली, तर ती डिसेंबरात तुमच्याकडे घालवावी, एवढाच हिशेब आहे. आई, तुझ्या हातची कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत खाऊन मला पहिल्यासारखे तुझ्या पायथ्याशी गोधडीत झोपायचे आहे, आणि या वयात हे लिहिताना मला अजिबात लाज वाटत नाही.

तोवर काही गोष्टी माझ्या मनाप्रमाणे व्हायला हव्यात. कमोड बसवून घ्या. गवंड्याशी नानांनी भावावरून हुज्जत घालू नये. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घ्या, म्हणजे उन्हाळ्यात वीज गेली तरी निदान पंखा चालेल. आईने पापड वाळत घालायला गच्चीवर चढायचे नाही, शेजारच्या मुलीला सांगायचे. साखरेची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, आठवण झाल्यावर नव्हे. डॉक्टरांकडून तारीख डिसेंबरचीच घ्या आणि मी पोहोचल्याशिवाय दाखल होऊ नका. रागावून लिहीत नाही, काळजीने लिहिते आहे.

आणखी एक. सिलिंडरचे पोर्ट तुम्ही कोणत्या कानशीने घासले होते आणि शेवटचा हात कशाने फिरवला होता, हे घेणाऱ्याने विचारले आहे. मला सांगता आले नाही. तेवढे नीट लिहून पाठवा, मी त्याला इंग्रजीत करून देते.

तुमची,
बेबी