खाण्याच्या विकारासोबतचा मंत्रचळ

महाविद्यालयीन मुलींमधील खाण्याच्या विकारांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. परंतु सगळा भर बारीक दिसण्याच्या हव्यासावर राहिला, हे खटकले. अशा अनेक रुग्णांना मंत्रचळ, म्हणजेच ओसीडीही असतो; यात तेच विचार मनात येत राहतात आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटतात. पोळीचे मोजून सारखे तुकडे करणे, आमटी भाताला लागली की ताट बाजूला सारणे, याला घरात ‘नखरे’ म्हटले जाते. आमच्या नात्यातल्या मुलीला आहाराचा तक्ता मिळाला, तर ती त्यातले ग्रॅम पुन्हा पुन्हा मोजत बसू लागली. एकाच आजाराचे निदान झाले की दुसरा वाढतच राहतो.

उपासमारीनेही असे वागणे बळावते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यातही जेवणाभोवती विचित्र सवयी दिसल्या. म्हणून वजन सावरणे आणि मंत्रचळावरचे उपचार, दोन्ही हवेत. पुण्यातील महाविद्यालयांच्या समुपदेशकांनी किमान दोन्हींविषयी प्रश्न तरी विचारावेत. पालकांना ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे