'मिस न्यूयॉर्क'चा पट्टा आणि आपले मथळे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील सौंदर्यस्पर्धांवर आणि विशेषतः न्यूयॉर्क राज्याच्या मानकऱ्यांवर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, याविषयी शंका नाही. तथापि त्यात काही चुका राहून गेल्या आहेत, आणि एक गोष्ट अशी आहे की तिला चूक म्हणता येणार नाही, पण मला खटकली ती तीच. आधी चुकांविषयी लिहिते.

लेखात नीना दावुलुरी हिला 'मिस यूएसए' म्हटले आहे. ती 'मिस अमेरिका' होती आणि या दोन वेगवेगळ्या स्पर्धा आहेत. 'मिस अमेरिका' १९२१ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावात सुरू झाली, तीही उन्हाळा सरताच घरोघर परतणारे पर्यटक आणखी काही दिवस थांबावेत आणि हॉटेले रिकामी पडू नयेत, एवढ्या व्यापारी हेतूने. 'मिस यूएसए'चा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी भांडणातून झाला. १९५० च्या सप्टेंबरात 'मिस अमेरिका' म्हणून निवडून आलेल्या अलाबामाच्या योलांद बेटबीझ हिने पोहण्याच्या पोशाखात मिरवायला साफ नकार दिला, तेव्हा ते पोशाख बनवणाऱ्या कॅटलिना कंपनीने आपला पाठिंबा काढून घेतला आणि १९५२ साली वेगळी चूल मांडली. 'मिस युनिव्हर्स'ही त्याच चुलीवर शिजली. त्यामुळे 'मिस यूएसए' पुढे 'मिस युनिव्हर्स'ला जाते, तर 'मिस अमेरिका' कुठेच जात नाही, वर्षभर आपल्याच देशात हिंडते. प्रत्येक राज्यातही मग दोन दोन मानकरी असतात, म्हणजे 'मिस न्यूयॉर्क' वेगळी आणि 'मिस न्यूयॉर्क यूएसए' वेगळी. आपल्या लेखात या दोन याद्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

दुसरा घोळ वर्षांचा आहे, आणि तो होणे स्वाभाविक आहे. १९५० पासून राष्ट्रीय मुकुट सप्टेंबरात घालून त्याला पुढच्या वर्षाचे नाव देण्याची पद्धत पडली. म्हणूनच 'मिस अमेरिका १९५०' नावाची कोणी व्यक्ती इतिहासात नाही. राज्याचा किताब मात्र त्या त्या वर्षाच्याच नावाने ओळखला जातो. व्हेनेसा विल्यम्स ही मिस न्यूयॉर्क १९८३ आणि मिस अमेरिका १९८४, नीना दावुलुरी ही मिस न्यूयॉर्क २०१३ आणि मिस अमेरिका २०१४. मध्यंतरी काही वर्षे ही स्पर्धा लास व्हेगासला जानेवारीत होत असे. मिस न्यूयॉर्क २०१२ मॅलरी हेगन हिला मुकुट मिळाला तो तिथे, २०१३ च्या जानेवारीत. आणि सप्टेंबरात स्पर्धा पुन्हा अटलांटिक सिटीला परतल्यामुळे बिचारीची कारकीर्द आठच महिन्यांत आटोपली. शिवाय राज्याची विजेती राष्ट्रीय मुकुट घेऊन गेली, की राज्याचा किताब उरलेल्या काळासाठी उपविजेतीकडे येतो. त्यामुळे २०१२, २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या तिन्ही वर्षी न्यूयॉर्कच्या यादीत दोन दोन नावे आहेत. आपल्या लेखात त्यांतले दुसरे नाव प्रत्येक वेळी गळाले आहे. ज्या मुलीने राज्यभर फिरून उरलेले काम पार पाडले, तिला निदान यादीत तरी जागा मिळायला हवी होती.

बेस मायर्सन हिचा समावेश लेखकाने 'मिस न्यूयॉर्क'मध्ये केला आहे. १९४५ साली ती उभी राहिली ती 'मिस न्यूयॉर्क सिटी' म्हणून, कारण तेव्हा राज्यांप्रमाणे मोठी शहरेही आपले उमेदवार पाठवत असत. राज्याच्या यादीत ती बसत नाही; पण तिची गोष्ट सांगितल्यावाचून राज्याचा इतिहासही नीट कळत नाही, म्हणून लेखकाचा मोह मी समजू शकते. ब्रॉंक्समध्ये वाढलेली, हंटर कॉलेजातून पदवी घेतलेली ही ज्यू मुलगी रंगमंचावर पियानो आणि बासरी वाजवून गेली. स्पर्धेच्या संचालिका लेनोरा स्लॉटर यांनी तिला 'बेथ मेरिक' असे नाव घे, म्हणजे आडनावावरून ज्यू असल्याचे कळणार नाही, असे सुचवले होते. तिने ते मानले नाही. महायुद्ध संपून जेमतेम काही आठवडे झाले होते, आणि युरोपातल्या छळछावण्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आलेली होती, अशा वेळचा हा नकार आहे. मुकुट मिळाला, त्या वर्षीपासून सुरू झालेली ५,००० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली, पण जाहिरातदार मात्र फिरकेनात. पुढे १९६९ मध्ये ती न्यूयॉर्क शहराची ग्राहक व्यवहार आयुक्त झाली, हेही लेखात यायला हवे होते, कारण सौंदर्यस्पर्धेतली मुलगी पुढे काय करते हा प्रश्न लेखकाने स्वतःच उपस्थित केला आहे.

याच काळात स्पर्धेच्या नियमावलीत उमेदवार गोऱ्या वंशाचीच असावी, असे चक्क लिहिलेले होते. नियम गेला तरी रिवाज गेला नाही. अटलांटिक सिटीच्या रंगमंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक पोहोचली ती १९७० साली. ती 'मिस आयोवा' शेरिल ब्राउन. गंमत अशी की ती मुळात न्यूयॉर्कची, क्वीन्स भागातली. आयोवातल्या एका कॉलेजात शिकायला गेली होती, म्हणून आयोवाकडून उभी राहिली. राज्याच्या किताबासाठी तुम्ही कुठे जन्मलात आणि तुमचे वाडवडील कुठले हे विचारले जात नाही. आज तिथे राहता, शिकता किंवा नोकरी करता का, एवढेच पाहिले जाते. हा साधा नियम मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो. मॅलरी हेगन अलाबामातून न्यूयॉर्कला आलेली. २०१४ ची मिस न्यूयॉर्क किरा कझांत्सेव्ह कॅलिफोर्नियात जन्मलेली. २०१८ ची निया फ्रँकलिन, जी पोहण्याच्या पोशाखाची फेरी रद्द झाल्यानंतरची पहिली मिस अमेरिका ठरली आणि जिने ऑपेरातले पद गाऊन मुकुट मिळवला, ती नॉर्थ कॅरोलायनाची. 'भूमिपुत्र' हा शब्द ज्यांच्या राजकारणात रोज वाजतो, त्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल.

आता सिरॅक्यूजविषयी. मिस न्यूयॉर्कचा विषय निघाला की आपल्याकडे मॅनहॅटनच्या उंच इमारतींचे चित्र छापतात, आपल्या लेखासोबतही तेच आहे. पण या किताबाचा इतिहास घडवणाऱ्या दोन मुली राज्याच्या मध्यभागी असलेल्या, हिवाळ्यात छातीएवढ्या बर्फाखाली जाणाऱ्या सिरॅक्यूज या मध्यम आकाराच्या शहरातून पुढे आल्या. व्हेनेसा विल्यम्स तिथल्या विद्यापीठात नाट्यसंगीत शिकत होती आणि 'मिस ग्रेटर सिरॅक्यूज' होऊन राज्याच्या स्पर्धेत गेली. १७ सप्टेंबर १९८३ रोजी ती पहिली कृष्णवर्णीय मिस अमेरिका झाली. त्यानंतर तिला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. तिची कातडी पुरेशी काळी नाही, डोळे हिरवट आहेत, म्हणून ती 'आपली' नव्हे, असे म्हणणारे काही कृष्णवर्णीयही निघाले. १९८४ च्या जुलैत तिची जुनी विवस्त्र छायाचित्रे तिच्या संमतीवाचून एका मासिकाने छापली आणि तिला मुकुट सोडावा लागला. उरलेला काळ न्यू जर्सीच्या सुझेट चार्ल्सने पूर्ण केला. आपल्या लेखात या प्रकरणाला 'वादग्रस्त छायाचित्रांमुळे पायउतार' एवढे तीनच शब्द मिळाले आहेत. छायाचित्रे कोणी छापली, कोणाच्या परवानगीने छापली, आणि पैसा कोणी कमावला, हे तीन शब्दांत मावत नाही. स्पर्धेचे प्रमुख सॅम हॅस्केल यांनी २०१५ साली भर रंगमंचावर तिची माफी मागितली, म्हणजे त्यासाठी एकतीस वर्षे लागली. (आणि याच हॅस्केल यांना २०१७ मध्ये माजी विजेत्यांविषयी हीन भाषेत लिहिलेले ईमेल उघडकीस आल्यावर पद सोडावे लागले, त्या ईमेलांत मॅलरी हेगनविषयीचाही मजकूर होता.)

बरोबर तीस वर्षांनी, १५ सप्टेंबर २०१३ च्या रविवारी, त्याच सिरॅक्यूजची दुसरी मुलगी त्या रंगमंचावर उभी होती. त्या रात्री मी योगायोगाने सिरॅक्यूजमध्येच होते. मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. बारशाला दोन दिवस उरले होते. मी स्वयंपाकघरात आळिवाचे लाडू वळत होते, बाळ नुकते झोपले होते म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला होता, आणि शेजारच्या सत्तरीच्या बाई भाजी-चीजचा भाजलेला पदार्थ झाकून घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच बसून राहिल्या. निळ्या-पिवळ्या प्रकाशात हिंदी चित्रपटाच्या ठेक्यावर भारतीय नृत्य सुरू झाले, तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. निकाल जाहीर झाला आणि या बाई टाळ्या वाजवत ताडकन उठल्या, बाळ जागे झाले. त्या म्हणत होत्या, ही आमची फेयटव्हिलची मुलगी. फेयटव्हिल म्हणजे सिरॅक्यूजजवळचे उपनगर, आमच्या घरापासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर. नीनाचे आईवडील आंध्रातून आले आहेत, हे त्यांना मी सांगितले, तेव्हा त्यांनी 'हो का' एवढेच म्हटले. त्यांच्या लेखी तो मुद्दाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी कानावर आल्या. ट्विटरवर तिला अरब म्हणणारे, दहशतवादी म्हणणारे आणि ही मिस अमेरिका की किराणा दुकानाची राणी, असे विचारणारे शेकडो संदेश फिरत होते. ११ सप्टेंबरच्या स्मृतिदिनाला चारच दिवस झाले होते, त्याचाही आधार घेतला जात होता. आणि साताऱ्याहून धाकट्या दिरांचा फोन आला, 'वहिनी, तुमच्या गावात आपली भारतीय मुलगी जिंकली की!' मराठी वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच चालीचे होते, आणि इतक्या वर्षांनंतर आपल्या पुरवणीचा मथळाही तोच आहे. एका बाजूने शिवी आणि दुसऱ्या बाजूने कौतुक होते, हे मला मान्य आहे. पण ती मुलगी तिथली नव्हेच, हे दोघांनीही गृहीत धरले होते. सिरॅक्यूजमध्ये जन्मलेल्या, 'मिस सिरॅक्यूज' होऊन राज्याच्या फेरीत उतरलेल्या त्या मुलीने त्याच रात्री पत्रकारांना सांगितले होते, की आपण स्वतःला सर्वप्रथम अमेरिकनच मानत आलो आहोत. तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर 'न्यूयॉर्क' लिहिलेले होते, आणि छायाचित्रात ते वाचताही येते. मथळ्यात मात्र ते कुठेच नव्हते.

कौतुकाविषयी आणखी एक. तिच्या विजयानंतर आपल्याकडे आठवडाभर चर्चा झाली ती अशी, की इतकी सावळी मुलगी भारतातल्या स्पर्धेत पहिल्या फेरीच्या पुढे गेली नसती. ही चर्चा करणाऱ्यांत भारतीयच पुढे होते आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. आपल्या ज्या अंकात हा लेख छापला आहे, त्याच अंकाच्या 'वधू पाहिजे' सदरात मी मोजून पाहिले: एका पानावर 'गोरी' किंवा 'गोरीपान' हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, 'सावळी चालेल' एकदा. जाहिराती आपण लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे.

२०१७ पासून आपल्याकडची मिस इंडिया स्पर्धाही राज्यवार होऊ लागली. त्या वर्षीची मानुषी छिल्लर हरियाणाकडून आली होती आणि पुढे मिस वर्ल्ड झाली. तेव्हा राज्याच्या किताबांविषयी आपल्या पानांवर यापुढे अधिक लिहिले जाईल, असे दिसते. म्हणूनच हे पत्र लांबले तरी लिहिले.

विनंती एवढीच, की येत्या रविवारी पुरवणीत त्याच पानावर, शक्यतो त्याच जागी, खुलासा छापावा: 'मिस यूएसए' नव्हे, 'मिस अमेरिका'; बेस मायर्सन राज्याची नव्हे, शहराची; राहून गेलेल्या उपविजेत्यांची नावे त्या त्या वर्षापुढे; आणि नीना दावुलुरीच्या नावाखाली जिथे 'भारत' छापले आहे, तिथे 'सिरॅक्यूज, न्यूयॉर्क'.

कळावे,

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका), सातारा