झाकणशास्त्र्याचं पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वगैरे. तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत, तेव्हा शिव्या काय घालायच्या ते तूच ठरव. आज लिहितोय तेही लाजेखातर नाही. जे घडलंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो नुसता हसेल. तू हसशील तो हक्कानं.

तब्येती ठीक. आईचे गुडघे तसेच. माझ्या गोळ्या चालू.

ट्रॅक्टर बंद पडायला लागला. पंचवीसेक मिनिटं नांगर ओढायचा, मग आवाज वर-खाली व्हायचा, ओढ जायची, दोन आचके देऊन गप्प. वायरिंगचा दोष असता तर एका फटक्यात बंद झाला असता. हा असा धाप लागल्यासारखा मरतो म्हणजे डिझेल पोचत नाही, एवढं मला कळलं. इथवर माझी अक्कल शाबूत होती हे लक्षात ठेव, पुढं ती शोधावी लागेल.

बंद पडला की मी उतरायचो, टाकीत काठी घालून डिझेल किती आहे बघायचो, फीड पंपाचा (टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलतो तो) हातपंप चारदोनदा दाबायचो, जरा दम घ्यायचो आणि सेल्फ मारायचो. लगेच सुरू! मी मनाशी ठरवलं, गरम झाला की फीड पंप दमतो, गार झाला की उचलतो. बायको म्हणाली, दमतो कोण ते दिसतंय.

आधी दोन्ही फिल्टर बदलले. जुने काळेकुट्ट निघाले, त्यामुळं उगाच वाटलं की चोर सापडला. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा काढली. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तेव्हा स्क्रू आवळला. सगळं तू शिकवलंस तसंच. (हो, तूच शिकवलंस. इतकी वर्षं मी मिस्त्रीचं नाव सांगत आलो.) दुसऱ्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरून रानात गेलो, तर वीस मिनिटांत बंद.

आता नीट वाच. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडायचा. अर्धी असली की तासभर, कधी सव्वा तास चालायचा. यावरून मी काय निष्कर्ष काढावा? नव्यानं आणलेलं डिझेलच खराब! आणि डिझेल कोण आणतं? भाचा. काचेच्या बाटलीत डिझेल रात्रभर ठेवलं, सकाळी तळाशी पाण्याचे दोन थेंब. बास, पुरावा मिळाला. जुन्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतून घाम धरतो, दोन थेंब कुठल्याही टाकीत सापडतील, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाटली हातात होती आणि पोरगा समोर उभा होता. कॅन धुतला नाहीस, लक्ष कुठं असतं, असलं बरंच बोललो. तो काही बोलला नाही. किल्ली फळीवर ठेवली आणि घरी गेला.

त्याला ओरडलो त्यात एकच ओरडणं रास्त होतं. हवा काढताना इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलचा नट ढिला करून त्यानं फवारा बघायला तळहात पुढं केला होता. तिथं डिझेल दोनशे बारच्या आसपास दाबानं येतं, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट. कातडी फोडून आत शिरतं आणि वर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो. तेव्हा मी त्याचा हात झटकला. बाकीचं सगळं मला परत घ्यायचंय.

मग फीड पंप नवा बसवला. फरक शून्य. मिस्त्री म्हणाले, आता मुख्य पंप उतरवून तपासायला पाठवू. मी हो म्हणून बसलो होतो. तू असतास तर म्हणाला असतास, "टाकीपासून सुरुवात कर, गाढवा. खर्चाच्या टोकाकडून नको." तू नव्हतास म्हणून तुझी आठवण काढून तुझंच ऐकायचं ठरवलं. टाकीपासून सुरुवात, म्हणजे झाकणापासून.

झाकण फिरवलं तर निघेना. जोर लावला तसा फुस्स करून आवाज आला, टाकीनं लांब श्वास घ्यावा तसा. झाकणाखाली बघतो तर प्लास्टिकची पिशवी. पावसाचं पाणी टाकीत झिरपू नये म्हणून मीच दुहेरी घडी करून बसवलेली. मधोमध ती टाकीच्या तोंडात ओढली गेली होती, दात गेलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखी खोल.

आता हस. मी थांबतो.

विहिरीवरचं इंजिन आठवलं ना? धूळ जाते म्हणून तू झाकणात ट्यूबचं रबर घातलं होतंस, इंजिन चार दिवस बंद-चालू, बंद-चालू, आणि मी चारचौघांत तुला झाकणशास्त्री म्हणालो. तुझ्या लग्नातही म्हणालो. तू दोन महिने बोलला नाहीस, वर मीच म्हणायचो की साध्या गमतीचा याला राग येतो. गड्या, ती गंमत नव्हती. मला तेव्हा फार हुशार वाटत होतं.

इंजिन पिईल तेवढ्या डिझेलच्या जागी हवा आत यायला हवी, म्हणून तर झाकणाला श्वासाचं भोक असतं. ते मी पिशवीनं बुजवलं. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, दोन लिटर डिझेल गेलं की आत पोकळी तयार आणि पंपाला ओढ बसेना. टाकी अर्धी असली की वरची हवा पसरायला भरपूर, म्हणून जास्त वेळ चालायचा. आणि दर खेपेला काठी घालायला झाकण उघडून मीच पोकळी मोडत होतो! श्रेय मात्र हातपंपाला आणि विश्रांतीला. पहिल्याच दिवशी झाकण उघडून तसाच चालवला असता तर एका तासात उलगडा झाला असता.

इथं पत्र संपायला हवं होतं, पण मी इतक्या गोष्टी उघडल्या होत्या की आता माझीच करणी निस्तरायची होती. पिशवी काढली, पावणेदोन तास झकास चालला आणि पुन्हा आवाज वर-खाली. मी खाली बसलो, अक्षरशः. मग टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली. इंजिन चालू केलं तर नळीतून सोड्यासारखे बारीक बुडबुडे पळताहेत. कुठं थेंबभर गळती नाही. नसणारच. फीड पंपाच्या अलीकडे ओढ असते, तिथली फट डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. पंप बदलताना नळीच्या जोडावरच्या पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे जुनेच वायसर मी तीनदा वापरले होते. एकावर नखाला लागेल अशी चीर. नवे वायसर घातले, पुन्हा हवा काढली, नळीत डिझेल इतकं स्थिर की नळी रिकामी आहे का अशी शंका यावी. ती नळी मी अजून काढलेली नाही. जाता-येता बघतो.

भाच्याकडे काल गेलो. दारातच म्हणाला, "मामा, झाकण उघडताना आवाज येतो असं मी दोनदा बोललो होतो." खरंच बोलला होता. मी त्याला म्हणालो होतो, तू डिझेलचं बघ. काल मला धड माफीही मागता आली नाही, नळीची गोष्ट सांगत बसलो. सोमवारी येतो म्हणाला, पण बघत होता दुसरीकडेच. तुझं तो ऐकतो, एक फोन कर त्याला. काय सांगायचं ते तूच ठरव, फक्त मी सांगितलंय असं सांगू नकोस.

तुझं काय? स्लॅब पडला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकट्याचा निकाल मागच्या पत्रात होता बहुतेक, अभिनंदन, किंवा जे काय असेल ते.

पिशवी फेकलेली नाही, खिळ्याला टांगून ठेवलीय. तू आलास की सगळ्यांसमोर दाखव आणि लग्नातलं ते नाव माझ्या नावावर करून घे. येताना तुझ्या डब्यातले तांब्याचे वायसर आण, मोठ्या मापाचे, चार.

तुझा,
तोच